महागाई पाव टक्का? पुरावा शोधायला वही काढली आणि पंचाईत झाली

मांजराकाठ | १३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

काल दुपारी चारला ऑक्टोबरचा किरकोळ महागाईचा आकडा आला. ०.२५ टक्के. २०१२ पायाभूत धरून ही मालिका सुरू झाल्यापासून इतका खाली तो कधी गेला नव्हता म्हणे. ग्रामीण भागात तर उणे ०.२५. आज शाळेत स्टाफरूममध्ये बातमी मोठ्यानं वाचली तर सगळे हसले. पीटीच्या सरांनी विचारलं, उणे महागाई म्हणजे दुकानदार आता आपल्याला पैसे परत देणार का?

मी तावातावानं घरी आलो. इथे धागा काढायचा आणि हे आकडे कसे बसल्या जागी तयार होतात ते पुराव्यानिशी मांडायचं, असं वाटेतच ठरवलं होतं. पुरावा घरातच आहे. आई चौथी शिकलेली, पण किराण्याची वही तिच्याइतकी नीट कुणी ठेवत नसेल. लाल पुठ्ठ्याची, मध्ये दोरा बांधलेली. वस्तू, वजन, भाव, आणि शेवटी दुकानदाराशी झालेली घासाघीस कंसात. गेल्या दिवाळीची वही ट्रंकेतून काढली, यंदाची शेजारी ठेवली. तेच दुकान, तेच पाच माणसांचं घर, वजनंही जवळपास तीच.

तूरडाळ ४ किलो: गेल्या वर्षी १७० नं ६८०, यंदा ११५ नं ४६०.
हरभरा डाळ २ किलो: २१०, यंदा १७६.
कांदे ८ किलो: ५५ नं ४४०, यंदा २० नं १६०.
टोमॅटो ४ किलो: २४०, यंदा १००. बटाटे तेवढेच: १६०, यंदा १००.
लसूण एक किलो: ३६०. यंदा १२०. (कंसात आईनं लिहिलंय, "आता खा म्हणावं.")
शेंगदाणे ३ किलो: ४२०, यंदा ३९०. साखर ५ किलो: २१०, यंदा २२०. चहापत्ती: ५२०, यंदा ५४०.
तेल ५ पिशव्या: ६६०, यंदा ७४०.
दूध ४५ लिटर: २,५२०, यंदा २,७००.

बेरीज गेल्या वर्षी ६,४२०, यंदा ५,७०६. दोनदा केली, मग मुलीला करायला लावली. ७१४ रुपये कमी, म्हणजे ११ टक्क्यांची घट. आमचं स्वयंपाकघर सरकारच्या आकड्यापेक्षाही स्वस्त निघालं!

आणि तरी हातात पैसा नाही. दिवाळीत कपडे फक्त मुलांना घेतले. मी विनाअनुदानित शाळेत आहे, तो पगार कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. खरा आधार औसा तालुक्यातल्या चार एकराचा. गेल्या वर्षी २४ क्विंटल सोयाबीन झालं, ४,२५० नं विकलं, १ लाख २ हजार आले. यंदा सप्टेंबरात पाणी आठ दिवस शेतात उभं होतं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. पदरात ११ क्विंटल पडलं, तेही काळपट. अजून विकलं नाही.

तर जाणकारांनी सांगावं. आकडा खोटा नाही, वही खोटी नाही. मग मी चिडलोय कशावर?

---

आकडेवेडा | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

वही म्हणजे सोनं आहे हो, जपून ठेवा. आधी पीटीच्या सरांचा प्रश्न घेतो, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे.

२०१२ साली जी टोपली शंभर रुपयांत यायची ती आज किती रुपयांत येते, हा झाला निर्देशांक. ऑक्टोबरात तो १९७.३ होता. म्हणजे टोपली जवळपास दुप्पट महाग झालीच आहे आणि तो भाव खाली आलेला नाही. महागाईचा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या मानाने झालेली वाढ. आता हे चार आकडे बघा:

सप्टेंबर २०२४: १९४.२
ऑक्टोबर २०२४: १९६.८
सप्टेंबर २०२५: १९७.०
ऑक्टोबर २०२५: १९७.३

यंदा सप्टेंबर ते ऑक्टोबर भाव चढलेच, थोडेसे. तरी महागाईचा दर १.४४ वरून ०.२५ वर घसरला. का? गेल्या वर्षी त्याच एका महिन्यात निर्देशांकानं २.६ अंकांची उडी मारली होती. तेव्हा महागाई ६.२१ टक्के होती, कांदा-टोमॅटो-लसूण पेटले होते. उंच माणसाशेजारी उभं राहिलं की आपण बुटके दिसतो, तसं झालंय. तुमच्या आईंनी ३६० चा लसूण लिहून ठेवला नसता तर यंदाचा १२० चा स्वस्त वाटलाच नसता.

देशभराचं बघितलं तर ऑक्टोबरात भाजीपाला २७.५७ टक्के खाली, डाळी १६.१५ टक्के खाली, तेल-तूप ११.१७ टक्के वर. तुमची वही हेच बोलतेय. शिवाय २२ सप्टेंबरपासून साबण, टूथपेस्ट, शाम्पूवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचाही ऑक्टोबर हा पहिला पूर्ण महिना.

---

बीडची_सून | १३ नोव्हेंबर, रात्री १०:४२

टूथपेस्ट स्वस्त झाली म्हणून दोनदा दात घासायचे का आता 😀

मला एक सांगा, या टोपलीत सोनं आहे का नाही? आमच्याकडे डिसेंबरात नणंदेचं लग्न आहे. दोन वर्षांपूर्वी ठरवलं असतं तर चार तोळ्यांत भागलं असतं, आता दोन तोळ्यांवर सासूबाई आणि सोयरे यांच्यात बोलणी चालू आहेत. भाजी २७ टक्क्यांनी उतरली म्हणून मंगळसूत्र होत नाही.

---

आकडेवेडा | १३ नोव्हेंबर, रात्री १०:५८

@बीडची_सून, आहे. पण शंभरात जेमतेम एक रुपया सोन्याचा. ज्या गटात ते बसवलंय तो वैयक्तिक वस्तूंचा गट २३.८८ टक्क्यांनी वर गेलाय, त्याला मुख्य कारण सोनं-चांदीच. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांचा निर्देशांक वेगळा, तो दिल्लीत निघत नाही.

---

जालना_मोसंबी | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

+१. आणि ज्यांच्या घरी दवाखाना आहे त्यांचा तिसरा.

---

मोंढा_गल्ली | १४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

सर, दुपारी काटा बंद असतो तेवढ्यात लिहितो. मी लातूर मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तीस वर्षं बसतोय, आधी वडिलांच्या मागं, आता गादीवर. तुमच्या वहीत सगळ्यात बोलकी ओळ तेलाची आहे. सगळं उतरलं आणि तेल चढलं. आणि तेल ज्याच्यापासून निघतं ते सोयाबीन मात्र पडलं. रोज चार शेतकरी गादीवर येऊन हेच विचारतात: मालक, बी स्वस्त आन् तेल महाग, मधले पैसे कोण खातंय? आणि बघतात माझ्याकडे.

हिशेब असा आहे. एक क्विंटल सोयाबीन सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे तेल काढायच्या कारखान्यात, घातलं की तेल निघतं साधारण १८ किलो. बाकी ८० किलोच्या पुढे पेंड. म्हणजे सोयाबीन हे तेलबी म्हणायला, खरं तर ते पेंडेचं पीक. भाव ठरतो पेंडेवर. ही पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. आता दोन-तीन वर्षांत मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढायचे कारखाने उभे राहिले. त्यांच्याकडे गाळून उरलेला चोथा असतो, डीडीजीएस म्हणतात. प्रथिनं त्यातही आहेत आणि भाव आपल्या पेंडेच्या कितीतरी खाली. पोल्ट्रीवाला काय धर्मादाय करायला बसला नाही, तो चोथा घेतो. पेंड पडली की प्लांटवाला सोयाबीन पाडून मागतो.

आणि तेल? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोया तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. तिथला भाव अधिक आपलं आयात शुल्क, असा तुमच्या पिशवीचा भाव बनतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क, उपकर धरून, ५.५ वरून २७.५ टक्के केलं. उद्देश असा की सोयाबीनला भाव मिळावा. तेल चढलं, सोयाबीन काही हललं नाही. यंदा मे अखेर शुल्क परत १६.५ वर आणलं, गिऱ्हाइकाला दिलासा म्हणून. तेल तरी कुठं उतरलं?

हमीभाव यंदा ५,३२८ आहे. मोंढ्यात चांगला वाळलेला माल चार-साडेचार हजारांच्या आसपास, डागी माल त्याच्या बराच खाली. सरकारी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. पाण्यात उभ्या राहिलेल्या मालाचा काय ओलावा मोजता.

आमच्या अडतीलाही शिव्या द्या, हरकत नाही. पण पेंडेचा भाव मी ठरवत नाही.

---

मांजराकाठ | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

@मोंढा_गल्ली, इतकं सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी विकतो ते कोंबडीच्या हिशेबानं आणि विकत घेतो ते अर्जेंटिनाच्या हिशेबानं.

तुरीचं काय? आमची ११५ ची डाळ हीच का ती?

---

मोंढा_गल्ली | १४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

तीच. २०२३-२४ ला तूर दहा हजारांच्या वर गेली होती, तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर डाळीचं ताट दाखवत होते. आयात तर आधीपासूनच खुली होती, शून्य शुल्कानं, आणि ती मुदत वाढत वाढत आता ३१ मार्च २०२६ पर्यंत आहे. मोझांबिक, म्यानमारचा माल बंदरात उतरतो आणि इथे लातुरात डाळ मिलवाला निवांत असतो, त्याला घाई नसते. हमीभाव ८,००० आणि मोंढ्यात सात हजारांच्या आत. नवी तूर तर अजून शेतात फुलात आहे. आईसाहेबांनी वहीत ११५ लिहिलेत ना, त्या ओळीत तुमच्याच भावकीचा कुणीतरी दबलाय.

---

कोयता_घेऊन | १४ नोव्हेंबर, रात्री ११:३५

लई येळ वाचतोय. आता मीबी लिवतो, चूकभूल माफ करा. आमी धारूरकडचे. सध्या कारखान्यावर खोपीत हाव, पट्टा पडायला, म्हंजी गाळप सुरू व्हायला, आठ दिस झाले.

तुमी सगळे जमीनवाले बोलालेत. भाजी स्वस्त झाली म्हणून रडालेत. आमाला जमीन नाई. आमच्या कोयत्याला, म्हंजी मी आन् बायको, रोजचं पीठमीठ इकतच घ्यावं लागतं. गेल्या साली इथं कांदा पन्नास होता तर आमी कांद्याची पात बी मोजून खाल्ली. टमाटं तर दोन महिने बघितलं नाई. यंदा खोपीत कांदा पोतंभर हाय. लेकरं टमाट्याची चटणी रोज खालेत. तुमाला आकडा खोटा वाटला आसंल, मला पाव टक्का बरुबर वाटला.

फक्त एक, रोजगार हमीची मजुरी २९७ ची ३१२ झाली यंदा. ती कशाच्या हिशेबानं वाढिवतेत ते कुणी सांगावं. आन् मुकादमाची उचल मातर तिथंच हाय, फिटत नाई.

---

आकडेवेडा | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

@कोयता_घेऊन, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. आम्ही सगळे उत्पादकाच्या बाजूनं वाहवत चाललो होतो.

मजुरीचं असं आहे की तिला निराळा निर्देशांक लागतो, शेतमजुरांचा. तो श्रम ब्युरो काढतो, आणि परवा-परवापर्यंत त्याचं पायाभूत वर्ष १९८६-८७ होतं. म्हणजे तुमची मजुरी त्या काळच्या मजुराच्या ताटावरून ठरत होती, ज्या ताटात मोबाइलचा रिचार्ज नव्हता आणि मुलाच्या शिकवणीची फी नव्हती. यंदा त्याची नवी मालिका आली, २०१९ पायाभूत धरून. २९७ वरून ३१२ म्हणजे साधारण ५ टक्के.

हाच घोळ मुख्य टोपलीतही आहे. तिचं वजन २०११-१२ च्या खर्चाच्या पाहणीवर बेतलेलं. ग्रामीण टोपलीत खाण्यापिण्याला ५४.१८ टक्के वजन, शहरी टोपलीत ३६.२९. घरभाडं ग्रामीण टोपलीत धरतच नाहीत. यादीत व्हीसीआर आणि कॅसेट अजून आहेत. खाण्याचं वजन इतकं जास्त म्हणून भाजी पडली की अख्खा आकडा पडतो, आणि भाजी पेटली की अख्खा पेटतो. जुलै २०२३ आठवा, एका टोमॅटोनं तो ७.४४ वर नेला होता. २०२४ पायाभूत धरून नवी मालिका फेब्रुवारीत येणार आहे, त्यात खाण्याचं वजन कमी होईल. मग असे झोकेही कमी होतील.

---

परभणीचे_पेन्शनर | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

आमची जमात कुणाला आठवत नाही. महागाई वाढली की लोकांच्या पोटात गोळा येतो, आमचा भत्ता वाढतो. केंद्राचा महागाई भत्ता जुलैपासून ५५ चा ५८ झाला, राज्याचाही मागोमाग होईल. तो तिसऱ्याच निर्देशांकावर चालतो, औद्योगिक कामगारांच्या, २०१६ पायाभूत. थोडक्यात, या देशात ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे महागाई आहे. सोयाबीनवाल्याला कोणता निर्देशांक लागू होतो, ते आकडेवेडा यांनी सांगावं. मला वाटतं, कोणताच नाही.

पण आमचं दुखणं दुसऱ्या टोकाला आहे. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्के ठेवायचं बंधन आहे, खाली-वर दोन टक्क्यांची सूट. ती २ च्याही खाली गेली की व्याजदर कमी करायला तिला मोकळीक मिळते. फेब्रुवारीपासून रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ६.५० चा ५.५० झाला. परवा माझी ठेव मुदत संपून पुन्हा ठेवायला गेलो तर काउंटरवरची मुलगी नवा दर सांगताना स्वतःच ओशाळली. तुमचा कांदा स्वस्त झाला, माझं व्याज.

---

बीडची_सून | १५ नोव्हेंबर, दुपारी २:२५

तेलाच्या पिशवीचं एक राहिलंच. परवा पिशवी डब्यात ओतली तर डबा गळ्यापर्यंत आला नाही. वाटलं, सांडलं कुठे. पिशवी उलटी करून बघितली तर बारीक अक्षरात ८५० ग्रॅम. पूर्वी लिटर म्हणून ९१० ग्रॅम यायचं. भाव तोच, पिशवी तीच, सूर्यफुलाचं चित्र तेच. मांजराकाठ, तुमच्या आईंच्या वहीत पिशव्या लिहिल्यात, ग्रॅम नाही. जरा बघा.

---

मांजराकाठ | १५ नोव्हेंबर, दुपारी ३:००

बघितलं. ८५०. आईला सांगितलं तर ती वही घेऊन दुकानात गेली आहे. दुकानदाराचं काही खरं नाही.

---

जालना_मोसंबी | १५ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

थेट प्रक्षेपण द्या.

---

मांजराकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री ८:१०

उशीर झाला. काल-आज मोंढ्यात होतो, सोयाबीन विकलं. @मोंढा_गल्ली, तुमच्या गादीवर नाही आलो, गावाकडच्या टेम्पोवाल्यानं जिथे उतरवलं तिथेच दिलं, राग मानू नका.

अडत्यानं मूठभर दाणे तळहातावर घेतले, अंगठ्यानं चोळले, एक दाणा दातात धरून फोडला. काही बोलला नाही. काळे दाणे एका बाजूला सारले, त्यांचा ढीग मोठा झाला. शेजारच्या पोत्यावर एक म्हातारा बसला होता, त्याचाही माल तसलाच, तो म्हणाला, "मालक, पावसाला लावा की बोली." सौदा ३,७०० ला फुटला. ११ क्विंटलचे ४०,७०० झाले. हमाली, तोलाई वजा जाता पट्टी हातात आली. गेल्या वर्षीच्या मानाने ६१,३०० कमी. स्वयंपाकघरात महिन्याला ७१४ वाचतायत, म्हणजे सात वर्षांहून थोड्या जास्त काळात भरपाई होईल, तेही कांदा वीसच राहिला तर. @कोयता_घेऊन, तो वीसच राहो. लेकरांना चटणी खाऊ द्या.

पेन्शनर काकांचं बरोबर आहे. मी काय विकतो आणि काय भावानं, ते त्या टोपलीत नाहीच. ती खर्चाची टोपली आहे. मी चार दिवस तिच्यावर उगाच डाफरत होतो.

येताना त्याच गल्लीतून सोया तेलाचा १५ किलोचा डबा घेतला, पिशव्यांचा विश्वास उडाला म्हणून. २,२५० रुपये. रिक्षात बसल्यावर हिशेब केला. एका डब्यापायी माझं ६१ किलो सोयाबीन गेलं.

---

मोंढा_गल्ली | १७ नोव्हेंबर, रात्री ८:४५

राग कसला, माल कुठेही गेला तरी प्लांट तोच. पण सर, तुमचा हिशेब अर्धाच झालाय. ६१ किलोतून तेल निघतं अकरा किलो. तुम्ही घरी नेलंत पंधरा. फायद्यात आहात!

---

मांजराकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री ८:५२

मग माझी पन्नास किलो पेंड कुठंय? म्हैस विचारतेय.